लाल सलाईन, भिजलेली फाईल आणि हार्टची उधारी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शाहूपुरीत शिरली तेव्हा मामीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, वर्षाचं धान्य गेलं आणि खालच्या कपाटातली एक निळी फाईल पण गेली. वाहून नाही गेली, पण आठवडाभर चिखलात राहिल्यावर कागदाचं जे होतं ते झालं, लगदा. तिच्यासाठी कुणी हळहळलं नाही. ती २०१४ च्या केमोची फाईल होती, आजार बरा होऊन पाच वर्षं झालेली, मग आता फाईल कशाला पाहिजे. मलाही तसंच वाटलं होतं आणि त्याची मला आजही लाज वाटते, कारण औषधांनी हार्टला काय होतं हे शोधायच्या कामावरच माझं घर चालतंय.

२०२२ ला गाठ परत आली. नवीन डॉक्टरांनी मामीला विचारलं, मागच्या वेळी लाल औषध एकूण किती गेलं होतं? मामी म्हणाली, ‘चार बाटल्या.’ डॉक्टर म्हणाले, बाटल्या नको, मिलिग्रॅम सांगा. मामीने माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं.

त्या प्रश्नाला एवढी किंमत का, हे सांगायला मला जरा लांबून यावं लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

गावात कुणी भेटलं की विचारतंय, तू हार्टची डॉक्टर काय गं? तर नाही. मी बी.फार्म कोल्हापुरातच केलं, मग बाहेर जाऊन फार्माकॉलॉजीत पीएचडी, आणि तेव्हापासून लॅब. नवीन औषध माणसाला द्यायच्या आधी आणि नंतरही ते लिव्हरला, किडनीला, हार्टला काय करतंय ते तपासत राहावं लागतं, त्यातलं हार्टचं खातं माझ्याकडं. घरात याला ‘खोट काढायची नोकरी’ म्हणतात आणि ते काही चूक नाही. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो, लिहिताना तेवढं सांभाळते.)

औषधांनी हार्टचं नुकसान कसं होतं, तर ढोबळमानाने एक म्हणजे वायरिंग बिघडतं आणि दुसरं म्हणजे पंपच झिजतो. अजूनही प्रकार आहेत, सांधेदुखीची रोफेकॉक्सिब नावाची गोळी हार्ट अटॅकचा धोका वाढतोय म्हणून २००४ ला जगभरातून मागे घेतली ती वेगळ्याच वाटेने जाते, पण आज ते राहू दे. मी सुरुवात वायरिंगपासून केली म्हणून तेच आधी सांगते.

दर ठोक्याला हार्टच्या पेशीत करंट येतो, ती आकसते, आणि पुढच्या ठोक्याआधी तिला परत चार्ज व्हावं लागतं. चार्ज कशी होते, तर आतलं पोटॅशियम ठराविक दारांतून बाहेर पडतं. ईसीजीच्या पट्टीवर करंट आल्यापासून चार्जिंग संपेपर्यंतच्या अंतराला क्यूटी म्हणतात. औषधाने ते दार अडवलं की क्यूटी लांबतो. ठोक्यांच्या वेगाचा हिशोब करून पुरुषांत साधारण ४५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर ठीक, बायकांचा मुळातच थोडा जास्त असतो, आणि ५०० च्या वर गेला की डॉक्टर खुर्चीत सावरून बसतात. कारण चार्जिंग अर्धवट असताना पुढचा ठोका येऊन पडला तर हार्ट नीट आकसायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं, आणि पट्टीवरच्या रेघा पीळ घातलेल्या सुतळीसारख्या दिसतात. १९६६ ला देसेर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने त्याला ‘तोर्साद द प्वांत’ म्हटलं, म्हणजे टोकांचा पीळ. बऱ्याच वेळा ते आपोआप थांबतं, माणसाला चक्कर येऊन गेली एवढंच कळतं आणि तो लिंबूपाणी पिऊन कामाला लागतो. कधी थांबत नाही.

या दाराचं नाव हर्ग, आणि त्या नावाची गोष्ट मला फार आवडते. १९६० च्या दशकात अमेरिकेत फळांवरच्या माश्यांवर प्रयोग चालले होते, त्यात एका जातीच्या माश्या ईथर देऊन गुंगवल्या की त्यांचे पाय थरथरायचे, नाचल्यासारखे. तेव्हा तिकडच्या एका नाईटक्लबमधला गो-गो डान्स जोरात होता, म्हणून ज्या जीनच्या बिघाडाने हे व्हायचं त्याचं नाव पडलं ईथर-अ-गो-गो. पुढं त्याचाच भाऊबंद माणसात सापडला, आपलं हे दार बनवणारा जीन, आणि त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन हर्ग झालं. गणपती मिरवणुकीत पापाच्या तिकटीला साऊंडसमोर पोरांचे पाय हलतात तशी ती माशी, असं मी लॅबमधल्या नवीन पोरांना सांगते आणि कोल्हापूरचं पोरगं असेल तर त्याला परत सांगावं लागत नाही. १९९५ ला कळलं की जन्मापासून क्यूटी लांब असलेल्या काही घराण्यांत हाच जीन बिघडलेला असतो.

आता एवढी औषधं नेमकी याच दाराला का अडकतात? कारण दाराच्या आतली खोली इतरांपेक्षा मोठी आहे आणि भिंती जरा चिकट आहेत. ॲलर्जीचं, मलेरियाचं, डोक्याचं, उलटीचं, एकमेकांशी काही संबंध नसलेली औषधं तिथं जाऊन बसतात.

यातलं गाजलेलं प्रकरण टर्फेनाडीनचं. १९८५ ला अमेरिकेत ते सर्दी-ॲलर्जीसाठी आलं आणि ते घेऊन गुंगी येत नाही म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं. मग १९९० ला एक केस छापून आली, ३९ वर्षांची बाई, टर्फेनाडीन चालू होतं आणि सोबत बुरशीच्या इन्फेक्शनची किटोकोनॅझोलची गोळी, आणि तिच्या हार्टला तो सुतळीचा पीळ पडला. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी रोज हजारो लोक घेत होते, मग झालं काय? तर टर्फेनाडीन पोटातून लिव्हरमध्ये गेलं की लिव्हर त्याचं जवळजवळ सगळं दुसऱ्या पदार्थात बदलून टाकतं, मूळ औषध हार्टपर्यंत फारसं पोचतच नाही. बुरशीच्या गोळीने लिव्हरमधलं ते बदलणारं एन्झाईम बंद पाडलं, टर्फेनाडीन जसंच्या तसं रक्तात साठलं आणि हर्गच्या दारात जाऊन बसलं. ग्रेपफ्रूटचा ज्यूससुद्धा तेच एन्झाईम अडवतो, आपल्या पपनसाच्या नात्यातलं फळ ते. १९९८ उजाडता उजाडता टर्फेनाडीन तिकडच्या बाजारातून गेलं. आणि गंमत ही की लिव्हर ज्या पदार्थात त्याला बदलत होतं तोच पदार्थ सुरक्षित निघाला, ॲलर्जीवर काम तोच करत होता. त्याचं नाव फेक्सोफेनाडीन, आज शिंका सुरू झाल्या की आपल्या मेडिकलमध्ये तीच गोळी मिळते.

मी फार्मसीला होते तेव्हा हे सगळं ताजं होतं आणि सरांनी एका तासात उरकलं होतं, पण मला रात्री झोप लागली नाही. दोन चांगली औषधं, दोन्ही बरोबर डोसमध्ये, आणि माणूस जातो. ही लाईन धरली ती तिथंच.

पुढची काही वर्षं माझी ज्या टेबलावर गेली ते टेबल हवेवर तरंगतं. खरंच, खाली कॉम्प्रेस्ड हवा असते, कारण बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी प्रयोग मोडतो. मायक्रोस्कोपखाली एक पेशी, तिच्यात माणसाचा हर्ग जीन घातलेला. (पेशी किडनीतून आलेल्या असतात, हार्टच्या नाही, कारण त्यांच्यात स्वतःची असली दारं फारशी नसतात, गोंगाट कमी.) काचेची नळी तापवून ओढायची, टोक मायक्रॉनभराचं, आणि ते टोक पेशीला हळूच टेकवून दुसऱ्या बाजूने नळीला तोंड लावून अलगद हवा ओढायची. इन्हेलर ओढतात तेवढीपण नाही, त्याच्याहून कमी. पेशी नळीला चिकटली तर स्क्रीनवरची रेघ एकदम शांत होते, नाही चिकटली तर पेशी फुटते आणि परत पहिल्यापासून. पहिले दोन महिने माझ्या फुटतच होत्या. चिकटली की मग करंट मोजायचा, औषध टाकायचं, आधी अगदी पातळ, मग दहापट, मग अजून दहापट, आणि अर्धा करंट कुठल्या डोसला बंद होतो ते बघायचं. पेशंटच्या रक्तात जेवढं मोकळं औषध असणार त्याच्या निदान ३० पट वर हा आकडा आला तर जरा हुश्श करायचं, असा एक अंदाज आमच्यात धरतात. २००५ पासून नवीन औषधांना ही तपासणी करायचा आंतरराष्ट्रीय नियमच झाला.

उंदरावर का नाही बघत, असं सगळे विचारतात. उंदराचं हार्ट मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके टाकतं, एवढ्या घाईत त्याला चार्जिंगसाठी दुसरीच दारं लागतात, हर्गवर त्याचं काही अडत नाही. टर्फेनाडीन उंदराला दिलं असतं तर उंदीर मजेत राहिला असता. म्हणून ससा, गिनीपिग, कुत्रा असे प्राणी लागतात, आणि त्याचा मला आतून त्रास होतो हे पण लिहून ठेवते.

पण दार अडवलं म्हणजे औषध वाईटच, असंही नाही बरं का. वेरापामिल हे बीपीचं जुनं औषध हर्ग चांगलंच अडवतं, पण सोबत कॅल्शियमचं दारपण अडवतं, त्यामुळं हिशोब बरोबरीत सुटतो आणि पीळ पडत नाही. नुसता हर्गचा आकडा बघून किती चांगली औषधं आपण लॅबमध्येच मारून टाकली असतील कुणास ठाऊक, माझ्या हातूनही एक-दोन गेली असतील. म्हणून २०१३ पासून सगळी दारं एकत्र बघून कॉम्प्युटरवर हिशोब मांडायची नवी पद्धत आणायचं काम सुरू झालं.

रोजच्या व्यवहारात याचा संबंध कुठं येतो सांगते. पित्ताच्या गोळीच्या नावापुढं बऱ्याच वेळा जो ‘डी’ असतो तो अनेकदा डॉमपेरिडोनचा, उलटीचं हे औषधपण हर्गचं दार अडवतं. आपल्याकडं लोक तो वर्षानुवर्षं उपाशीपोटी चहाच्या आधी घेतात, विचारलं तर म्हणतात साधी पित्ताची गोळी आहे. युरोपात २०१४ ला हार्टच्या कारणावरून यावर बंधनं आली, कमी डोस आणि शक्यतो आठवड्याच्या वर नाही. घाबरून लगेच टाकून देऊ नका, बहुतेकांना काही होत नाही. पण वय झालेलं, जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं, आधीच हार्टचा त्रास, आणि त्यात घशाला ॲझिथ्रोमायसिन किंवा बुरशीची गोळी, असं एकावर एक चढत गेलं की मग अवघड. कोरोनाच्या सुरुवातीला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र द्यायची लाट आली होती तेव्हा आमच्या लाईनमधले लोक ईसीजी काढा, ईसीजी काढा म्हणून ओरडत होते ते याचसाठी. दोन्ही क्यूटी लांबवतात.

आता पंप, म्हणजे मामीचं लाल औषध. डॉक्सोरुबिसिन.

याचा जन्म मातीतला. इटलीत कास्तेल देल मोन्ते नावाच्या जुन्या किल्ल्याजवळची माती, त्यातला एक जंतू, तो लाल रंग सोडतो आणि तो रंग कॅन्सरच्या पेशी मारतो असं १९५० च्या दशकात दिसायला लागलं. त्यातून आधी एक औषध आणि मग १९६० च्या दशकाच्या शेवटी हे. रंग खरंच लाल, ज्वारीच्या भाकरीबरोबर तांबड्या रश्श्याची वाटी असते तसा, आणि पुढं एक-दोन दिवस लघवीपण तांबडी होते. मामी पहिल्या वेळी रात्री दोनला रक्त जातंय म्हणून मला फोन करून रडली होती, तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. इथं स्पष्ट लिहिते, हे औषध नसतं तर मामी २०१५ बघू शकली नसती. ब्रेस्ट कॅन्सर, लिम्फोमा, लहान मुलांचे कॅन्सर, इतकी वर्षं झाली तरी त्याला अजून पुरता पर्याय सापडत नाही.

पण हार्टच्या पेशींना ते खातं, आणि त्या पेशी परत येत नाहीत म्हणण्याइतक्या हळू येतात. किती हळू, हे २००९ ला स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी फार हुशारीने मोजलं. शीतयुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत जो किरणोत्सारी कार्बन पसरला तो जन्मलेल्या प्रत्येक पेशीत तारखेच्या शिक्क्यासारखा बसलाय, त्यावरून पेशीचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला फक्त एक टक्का पेशी नव्या होतात आणि म्हातारपणी अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. उद्यमनगरात इंजिन खोलून पिस्टन बदलता येतो, इथं दिवसाला लाखभर ठोके टाकणारं मशीन चालू ठेवूनच वापरायचं आणि स्पेअर पार्ट नाही.

नुकसान नक्की कसं होतं यावर माझ्या डोळ्यांदेखत विचार बदलला. मी शिकले तेव्हा पुस्तकात होतं की औषध लोहाशी मिळून घातक ऑक्सिजनचे कण तयार करतं आणि ते पेशीला जाळतात. मग अँटिऑक्सिडंट द्या की, सोपं आहे, तर ते माणसात कधी नीट चाललं नाही. २०१२ ला वेगळंच पुढं आलं. डीएनए म्हणजे पीळ घातलेला दोरा, तो सोडवायला पेशीत एक एन्झाईम असतं, ते दोरा कापतं, पीळ काढतं आणि परत जोडतं. डॉक्सोरुबिसिन येऊन त्याला कापल्यावर जोडू देत नाही. कॅन्सरच्या पेशीत या एन्झाईमचा अल्फा प्रकार भरपूर, म्हणून ती मरते. हार्टच्या पेशीत अल्फा नाही पण बीटा आहे, आणि औषध त्यालाही धरतं. ज्या उंदरांच्या हार्टमधून बीटा काढून टाकला त्यांचं हार्ट बरंच वाचलं. (हो, इथं उंदीर उपयोगी पडला.) आणि मग डेक्सराझॉक्सेनचं कोडंपण उलगडायला लागलं. ते १९९५ पासून अमेरिकेत हार्ट वाचवायला देतात, सगळे समजत होते ते लोह बांधून ठेवतंय म्हणून चालतंय, आता दिसतंय की ते बीटालाच बाजूला करतंय. काम करत होतं, कारण चुकीचं माहीत होतं. आमच्या धंद्यात हे जेवढं मान्य करतात त्याच्यापेक्षा जास्त वेळा होतं.

आणि इथं येतो डॉक्टरांचा प्रश्न. या औषधाचं हार्टवरचं ओझं साठत जातं, किराणा दुकानाच्या वहीसारखं. आज घेतलं, सहा वर्षांनी परत घेतलं, तरी वही तीच, मधल्या काळात काही माफ होत नाही. २००३ ला अमेरिकेत जुन्या चाचण्यांचे आकडे परत तपासले तेव्हा शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण ४०० मिलिग्रॅम गेलेल्यांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण सुमारे ५ टक्के, ५५० ला २६, आणि ७०० ला ४८. म्हणून साधारण ४५० ते ५५० च्या पुढं कुणी जात नाही, आधी छातीला रेडिएशन झालं असेल, वय जास्त असेल, बीपी असेल तर त्याच्याही अलीकडंच थांबतात. आणि त्रास लगेच दिसेल असं नाही, कधी काही वर्षांनी, जिना चढताना धाप, पायावर सूज, रात्री एकाच्या दोन उश्या लागायला लागतात, आणि घरचे म्हणतात वय झालं. म्हणून केमोच्या आधी इको, मध्ये इको, नंतरही इको. त्यात पंपिंगचा आकडा बघतात, म्हणजे दर ठोक्याला पंपातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं, ५५ च्या वर असेल तर बरं, आणि पहिल्यापेक्षा दहाने उतरून पन्नासच्या खाली आला तर उपचारांचा परत विचार. (सगळ्या कॅन्सरच्या औषधांचं असं नसतं. ट्रास्टुझुमॅबनेपण पंपिंग उतरतं, पण ते थांबवलं की बहुतेकांचं परत वर येतं, वहीत कायमचं लिहिलं जात नाही.)

मग सारख्याच डोसला एकीला होतं आणि दुसरीला का नाही? हल्लीचं माझं काम यावर आहे. माणसाचं थोडं रक्त किंवा कातडी घेऊन त्या पेशींना मागं, कुठलाही अवयव व्हायच्या आधीच्या कोऱ्या अवस्थेत नेता येतं, हे जपानच्या यामानाका यांनी माणसाच्या पेशींत २००७ ला करून दाखवलं, आणि मग त्यांच्यापासून हार्टच्या पेशी बनवता येतात. मी पहिल्यांदा ती बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा पेशींचा तो पापुद्रा आपला आपण धडधडत होता, कुठं शरीर नाही, मेंदू नाही, नुसती बशी, आणि मी दहा मिनिटं काही नोंद न करता बघत बसले. २०१६ ला ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटवर हेच करून बघितलं, ज्यांना डॉक्सोरुबिसिनने खरंच हार्टचा त्रास झाला होता त्यांच्या पेशी बशीतही औषधाला जास्त बळी पडल्या. म्हणजे पुढंमागं औषध द्यायच्या आधीच बशीत विचारून बघता येईल. अजून तिथं पोचलो नाही, या पेशी बाळाच्या हार्टसारख्या कच्च्या असतात, त्यांना मोठं करायचीच मारामारी चाललीय.

तर मामीची वही. हॉस्पिटलकडं विचारलं, जुनं रेकॉर्ड मिळेना. मग मामांना आठवलं. मामा प्राथमिक शिक्षक, मेडिकल बिलाच्या प्रस्तावाचे तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवायची सवय, आणि त्यातला एक सेट आमच्या आजोळी, गडहिंग्लजकडच्या घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. रविवारी गेलो. वर गुळाच्या ढेपा, जुनी मतदार यादी, त्याखाली गठ्ठा. डिस्चार्ज कार्डावर उंची १५२, वजन ५४, म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. आणि मेडिकलच्या बिलांवर चारही वेळा सारखंच, ५० मिलिग्रॅमची एक कुपी आणि १० च्या चार. एका वेळचे ९०, चार वेळचे ३६०, भागिले दीड. २४०. मी ते माळ्यावर बसूनच मोबाईलवर तीनदा केलं.

डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला, इको बघितला, आणि शेवटी गाठीचा प्रकार बघून लाल औषध दिलंच नाही, दुसरंच ठरवलं. मामा जरा हिरमुसले, एवढा माळा उपसला म्हणून. तुमच्या घरात कुणाची केमो झाली असेल तर औषधांची नावं, डोस आणि तारखा या पानाचा आज फोटो काढून दोघा-तिघांच्या मोबाईलवर ठेवा, आणि कुठल्याही औषधाने काही विपरीत झालं असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर साध्या पेशंटलाही कळवता येतं, त्या नोंदींतूनच आमच्यासारख्यांना पुढचं काम मिळतं.

मामीने मोबाईलच्या कव्हरमागं चिठ्ठी घालून ठेवलीय, ‘लाल, २४०, २०१४’. नातवाने वायफायचा पासवर्ड समजून दोनदा टाकून बघितला.